हेडफोन बोलतो, स्पीकर मुका: एका लॅपटॉपचं प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती: लॅपटॉपचा आवाज गेला. विंडोज ११ वर चालणारा, तीनेक वर्षं वापरलेला लॅपटॉप. मालकीणबाई ऑनलाइन शिकवण्या घेतात, त्यामुळे आवाज गेला म्हणजे कामच अडलं. जुनी एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) भरत आली म्हणून त्यांनी मोठी बसवून घेतली, तिच्यावर विंडोज नव्याने टाकलं गेलं आणि त्या दिवसापासून स्पीकर गप्प. एसएसडी बसवणाऱ्या तंत्रज्ञांनीच पुन्हा तपासून सांगितलं, की मदरबोर्डवरचा साउंडचा भाग गेलाय, बोर्ड बदलावा लागेल. बोर्ड बदलायचा म्हणजे जवळजवळ अर्धा लॅपटॉप नव्याने घ्यायचा. म्हणून दुसरं मत घ्यायला तो माझ्याकडे आला.

बोर्ड शाबूत निघाला. पण तंत्रज्ञांनी ज्या चाचणीवरून बोर्ड गेल्याचं निदान केलं ती चाचणी मीही नेहमी करतो, आणि एरवी ती खोटं बोलत नाही. इथे ती का फसली हे समजून घेण्यासारखं आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी काय काय होऊन गेलं होतं

लॅपटॉप हातात आला तोवर त्याच्यावर बरेच प्रयोग झाले होते. आवाज पूर्ण वाढवून झाला होता, म्यूटचं बटण दाबून-सोडून पाहिलं होतं, विंडोजचा स्वतःचा ट्रबलशूटर चालवला होता (त्याच्या मते सगळं आलबेल), ‘विंडोज ऑडिओ’ ही सर्व्हिस थांबवून पुन्हा सुरू केली होती, डिव्हाइस मॅनेजरमधून साउंडचा ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम) काढून लॅपटॉप रीस्टार्ट केला होता. शिवाय कुणाच्या तरी सांगण्यावरून ‘सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करणारा’ एक प्रोग्रॅमही टाकला होता. त्याने साउंडचा कुठलातरी ड्रायव्हर बसवला होता आणि ‘तुमचा संगणक आता अद्ययावत आहे’ अशी हिरवी खूणही दाखवली होती.

यातले पहिले उपाय वाईट नाहीत. आवाज नसण्याच्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयने जोडला की विंडोज कधीकधी आवाजही तिकडेच पाठवतं आणि मॉनिटरला स्पीकरच नसतात. कधी बॅगेतला ब्लूटूथ इयरफोन अजून जोडलेला असतो आणि आवाज बॅगेत वाजत असतो. कधी एखाद्या प्रोग्रॅमचाच आवाज मिक्सरमध्ये शून्यावर गेलेला असतो. हे सगळं पाहायला फार वेळ लागत नाही. मीही पुन्हा पाहून घेतलं, त्यातलं काही नव्हतं.

मात्र त्यापुढे एकेक उपाय करून बघत राहणं मला पटत नाही. दहावा उपाय लागू पडला तरी पहिले नऊ का पडले नाहीत हे कळत नाही, आणि अकरावा काहीतरी नवीन बिघडवून ठेवतो. आवाजाच्या बाबतीत तर याची गरजच नसते, कारण आवाजाची वाट ठरलेली असते. तो कुठपर्यंत पोचतो आणि कुठे हरवतो, एवढंच शोधायचं असतं.

आवाज कुठपर्यंत जिवंत आहे

वाट साधारण अशी असते. व्हिडिओ वाजवणारा प्रोग्रॅम आवाजाचे आकडे विंडोजच्या ऑडिओ इंजिनकडे देतो. तिथे सगळ्या प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र होतात, मग ड्रायव्हरमार्फत ते प्रोसेसरच्या बाजूच्या ऑडिओ कंट्रोलरकडे आणि तिथून बोर्डवरच्या कोडेक नावाच्या चिपकडे जातात. बहुतेक लॅपटॉपांत कंट्रोलर आणि कोडेक यांच्यातलं बोलणं ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ या पद्धतीने चालतं. इंटेलने तिचं तपशीलपत्र २००४ साली काढलं; त्याआधी १९९७ ची ‘एसी ९७’ ही पद्धत होती. आकड्यांपासून विजेच्या लहरी होतात त्या कोडेकमध्ये. हेडफोनला तेवढ्या लहरी पुरतात. स्पीकरला अजून जोर लागतो, म्हणून मध्ये ॲम्प्लिफायर असतो, त्यापुढे तारा आणि शेवटी स्पीकर.

पहिली तपासणी सेटिंग्जमधल्या साउंडच्या पानावर केली. व्हिडिओ लावला की स्पीकरच्या नावासमोरची पट्टी आवाजाबरोबर खालीवर होत होती. म्हणजे प्रोग्रॅम आणि ऑडिओ इंजिन इथपर्यंत आवाज जिवंत आहे. लोक या पट्टीला फसतात, ‘पट्टी हलतेय म्हणजे आवाज बाहेर जातोय’ असं समजतात. पट्टी फक्त विंडोजने आकडे पुढे सरकवले एवढंच सांगते, पुढे ते कुणी घेतले का, हे तिला माहीत नसतं.

दुसरी तपासणी हेडफोनची. खोबणीत लावला आणि दोन्ही कानांत स्वच्छ आवाज आला. आतला माइकही चालत होता. ही फार मोठी बातमी आहे. हेडफोन वाजला म्हणजे ड्रायव्हर, कंट्रोलर, त्यांना जोडणारा दुवा आणि कोडेक हे चौघेही कामावर हजर आहेत. ‘बोर्डवरचा साउंडचा भाग गेला’ हे वाक्य इथेच अर्धं गळून पडतं. गेला असेल तर कोडेकच्या पुढचा काही भाग.

तिसरी तपासणी पुष्कळजण वगळतात. हेडफोन वाजतो, स्पीकर वाजत नाही, या लक्षणाचं एक अगदी नेहमीचं कारण म्हणजे अडकलेली खोबण. पिन आत गेली की खोबणीतली बारीक पत्र्याची पट्टी सरकते, कोडेकला ‘हेडफोन लागला’ असा निरोप जातो आणि स्पीकर बंद केले जातात. पट्टी वाकली किंवा खोबणीत कापसाचा पुंजका अडकला, तर हेडफोन काढल्यावरही तो लागलेलाच आहे असं लॅपटॉपला वाटत राहतं. इथे हेडफोन लावला की यादीत ‘हेडफोन’ उगवत होता, काढला की जात होता आणि निवड पुन्हा ‘स्पीकर’वर येत होती. खोबण निर्दोष.

उरलं काय? ॲम्प, तारा, स्पीकर. एसएसडी बदलताना लॅपटॉप उघडला होता. स्पीकरची बारीक वायर अशा वेळी निसटू शकते, स्क्रूखाली चेपली जाऊ शकते. लॅपटॉप तेव्हाच उघडावा असा मोह झाला, पण त्याआधी तंत्रज्ञांच्या चाचणीचा विचार करायला हवा होता.

पेनड्राइव्हवरचं लिनक्स

तंत्रज्ञांनी काय केलं होतं? पेनड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजसारखीच दुसरी प्रणाली सुरू केली. ती एसएसडीला हात न लावता चालते. त्यात विंडोजही नाही, विंडोजचे ड्रायव्हरही नाहीत. तिथे आवाज आला तर दोष विंडोजमधला, तिथेही नाही आला तर दोष यंत्रातला. तिथेही हेडफोन वाजला आणि स्पीकर गप्प राहिले. दोन वेगवेगळ्या प्रणाली, एकच शांतता. म्हणून निष्कर्ष: यंत्र गेलं.

तर्क सुबक आहे, आणि मी तो अनेकदा वापरलाय. पण त्यात एक न बोललेली अट दडलेली असते: दुसऱ्या प्रणालीला त्या यंत्राचा प्रत्येक भाग चालवता आला पाहिजे. तिथे आवाज आला असता तर यंत्र ठीक आहे हे नक्की सिद्ध झालं असतं. आवाज आला नाही, यावरून मात्र काहीच नक्की ठरत नाही. यंत्र बिघडलेलं असेल, किंवा दोन्ही प्रणालींना ते चालवता येत नसेल. ‘होय’ आलं तर पक्कं, ‘नाही’ आलं तर कच्चं, अशा जातीची ही चाचणी आहे.

मला उलट दिशेचा पुरावा हवा होता: स्पीकर कुठल्याही मार्गाने एकदा तरी वाजतात का? या लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, बोर्डवरच साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये) उत्पादकाने हार्डवेअर तपासणीची सोय दिली होती. सगळ्या लॅपटॉपांत ती नसते, पण असेल तर सुरू होताना एखादी फंक्शन-की दाबून उघडते. तिच्यात स्पीकरचा विभाग होता. तो निवडला आणि आधी डावीकडून, मग उजवीकडून, चक्क मोठ्याने सूर आला.

मालकीणबाई समोरच होत्या. म्हणाल्या, “अहो, म्हणजे स्पीकर चांगले आहेत की!”

स्पीकर चांगले, तारा चांगल्या, ॲम्पही चांगला. लॅपटॉप उघडायची गरजच उरली नाही. ही सोय नसती तर मात्र उघडावा लागला असता. बॅटरीचा जोड काढून स्पीकरचा कनेक्टर सोडवायचा आणि मल्टिमीटर लावायचा. लॅपटॉपचे स्पीकर बहुधा ४ किंवा ८ ओहमचे असतात. ४ ओहमचा असेल तर मीटर त्याच्या आसपास किंवा किंचित कमी आकडा दाखवतो. स्पीकरमधली कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, तुटली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. मीटर नसेल तर साध्या दीड व्होल्टच्या सेलची टोकं क्षणभर टेकवली तरी चांगला स्पीकर ‘कट्’ असा आवाज करतो.

ॲम्प नुसता ॲम्प राहिला नाही

बायोसमधून आवाज येतो, विंडोज आणि लिनक्समधून येत नाही. मग बायोसच्या तपासणीला असं काय येतं, जे या दोघांना येत नव्हतं?

इथे गेल्या काही वर्षांतला एक बदल लक्षात घ्यावा लागतो. पूर्वीच्या लॅपटॉपांत ॲम्प बिनडोक असायचा. कोडेकच्या आतच किंवा शेजारी बसलेला, वीज मिळाली आणि ‘सुरू हो’ अशी एक तार उंचावली की मिळेल तो आवाज मोठा करून पुढे ढकलायचा. त्यामुळे विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हरही स्पीकर वाजवू शकायचा. पातळ लॅपटॉप आले तसे स्पीकर चपटे झाले, आणि चपट्या स्पीकरमधून दणदणीत आवाज काढायचा तर त्याला सोसवेल त्याच्या अगदी काठापर्यंत न्यावं लागतं. काठ ओलांडला की कॉइल जळते किंवा पडदा फाटतो. म्हणून आले ‘स्मार्ट ॲम्प’.

हा ॲम्प बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) गरजेप्रमाणे वाढवून घेतो, आणि स्पीकरला वीज देतानाच त्यातून किती प्रवाह जातोय हेही मोजत राहतो. दाब आणि प्रवाह कळले की कॉइलचा रोध कळतो, आणि रोधावरून तापमान. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. ४ ओहमची कॉइल १०० अंशांनी तापली की साडेपाच ओहमच्या वर जाते. ॲम्प त्यावरून स्वतःच आवाज आवरतो. मला ही युक्ती फार आवडते, वेगळा तापमापक न बसवता स्पीकरचीच तार तापमापक म्हणून वापरायची.

पण या हुशारीसाठी ॲम्पला आधी सगळं सांगावं लागतं: समोरचा स्पीकर कोणता, त्याला किती सोसतं, किती दाब वाढवायचा, डावा कोण, उजवा कोण. ही माहिती लॅपटॉपच्या प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि ड्रायव्हरबरोबर येते. आवाज एका वाटेने येतो, तर या सूचना बऱ्याच लॅपटॉपांत आय-टू-सी नावाच्या दुसऱ्याच वाटेने येतात. ही दोन तारांची जुनी पद्धत, फिलिप्सने १९८२ साली काढलेली. वीज सुरू झाल्यावर ॲम्प बंद अवस्थेत असतो आणि सूचना येईपर्यंत तसाच राहतो. त्याच्यापर्यंत आवाज पोचत असला तरी तो ढिम्म.

बायोसच्या तपासणीत या सूचना उत्पादकाने घालून ठेवलेल्या होत्या. जुन्या एसएसडीवर कारखान्यातून आलेल्या विंडोजमध्येही होत्या. नव्या एसएसडीवर मात्र मायक्रोसॉफ्टचं कोरं विंडोज टाकलं होतं, आणि त्यात नव्हत्या. जुन्या एसएसडीची जशीच्या तशी नक्कल नवीवर उतरवली असती, तर हे प्रकरण घडलंच नसतं.

टचपॅडची गोष्ट

हा अजून अंदाजच होता. तो पक्का झाला तो एका भलत्याच गोष्टीने. मालकीणबाई लॅपटॉपबरोबर माऊसही घेऊन आल्या होत्या. मी सवयीने टचपॅडवर बोट फिरवलं तर बाण जागचा हलेना.

“टचपॅडचं काय झालं?”

“तोही तेव्हापासून बंदच आहे. पण माऊसवर भागतं माझं, म्हणून बोलले नाही.”

आवाजाची तक्रार सांगताना टचपॅडचा उल्लेख कोण करील? वरवर पाहता दोघांचा काही संबंध नाही. पण आतून आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, टचपॅड आय-टू-सीवर जोडण्याची सोय विंडोजमध्ये आहे आणि आता बहुतेक लॅपटॉपांत तो तसाच जोडलेला असतो. ॲम्पच्या सूचनाही आय-टू-सीवरून जातात. दोन्ही एकाच दिवशी बंद पडले, तर दोघे जिच्यावर अवलंबून आहेत ती वाटच बंद असण्याची शक्यता जास्त.

डिव्हाइस मॅनेजर उघडला. ‘साउंड’ या गटात सगळं स्वच्छ, कुठेही पिवळी खूण नाही. आधीच्या सगळ्या तपासण्या याच गटापाशी थांबल्या होत्या. खाली ‘इतर उपकरणे’ या गटात मात्र पिवळ्या त्रिकोणांची रांग लागलेली, प्रत्येकाचा कोड २८, म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. काही नोंदींचं नाव नुसतं ‘अज्ञात उपकरण’. अशा वेळी नावाकडे बघायचं नाही. नोंदीवर दोनदा क्लिक करून तपशिलाच्या टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडी’ बघायचे. एका नोंदीचा आयडी ‘पीसीआय’ने सुरू होत होता, तो शोधला तर प्रोसेसरबरोबर येणारा आय-टू-सी कंट्रोलर निघाला. दुसरीचा ‘एसीपीआय’ने सुरू होत होता, तो निघाला स्मार्ट ॲम्प.

या दोन आद्याक्षरांतही अर्थ आहे. पीसीआयवरची (बोर्डवरची उपकरणं जोडायची एक वाट) किंवा यूएसबीवरची उपकरणं विचारल्यावर स्वतःची ओळख सांगतात. आय-टू-सीवरची सांगत नाहीत, त्या पद्धतीत तशी सोयच नाही. म्हणून बायोस ‘एसीपीआय’च्या तक्त्यात लिहून ठेवतं, की अमुक पत्त्यावर अमुक चिप बसवली आहे. विंडोजला ॲम्प आहे हे त्या तक्त्यावरून कळलं होतं. त्याच्याशी बोलायला भाषाही नव्हती आणि वाटही नव्हती.

एका प्रश्नाचं उत्तर अजून बाकी होतं. पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये तर आय-टू-सीचा ड्रायव्हर अंगभूतच असतो, मग तिथे स्पीकर का गप्प? मी तंत्रज्ञांना फोन लावला.

“लिनक्स लावलं होतं तुम्ही, त्यात टचपॅड चालत होता का हो?”

“चालत होता की. का?”

म्हणजे लिनक्समध्ये वाट उघडी होती, पण त्यांच्या पेनड्राइव्हवरची आवृत्ती जुनी होती आणि तिला हा ॲम्प ओळखताच येत नव्हता. लॅपटॉपांतल्या अशा ॲम्पना लिनक्सचा आधार बराच उशिरा, २०२२ पासून पुढे एकेका चिपसाठी मिळत गेला. विंडोजमधली शांतता आणि लिनक्समधली शांतता कानाला सारखीच, पण कारणं दोन. एकीकडे रस्ता बंद, दुसरीकडे रस्ता उघडा पण घर अनोळखी.

विंडोजने स्वतः का नाही आणले?

इंटरनेट मिळालं की विंडोज अपडेट सहसा असे ड्रायव्हर आपणहून उतरवतं. इथे इंटरनेट होतं, वायफायही चालत होतं. मालकीणबाई मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतात आणि डेटा वाचावा म्हणून त्यांनी ते कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे मोजूनमापून डेटा वापरायचं, असं करून ठेवलं होतं. अशा कनेक्शनवर विंडोज ड्रायव्हर उतरवत नाही, निदान तशी वेगळी परवानगी दिल्याशिवाय तरी. ही परवानगी सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ आणि उपकरणांच्या विभागात असते. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं असेल तर एवढंच, की नव्याने टाकलेलं विंडोज डिव्हाइस मॅनेजर न उघडताच ताब्यात दिलं गेलं.

दुरुस्ती

सगळ्यात आधी तो ड्रायव्हर अपडेट करणारा प्रोग्रॅम काढला, आणि त्याने बसवलेला साउंडचा ड्रायव्हरही. काढताना ‘या उपकरणाचा ड्रायव्हरही हटवा’ अशा अर्थाच्या चौकटीत खूण करावी लागते, नाहीतर विंडोज रीस्टार्टनंतर तोच परत बसवतं. या जातीच्या प्रोग्रॅमांबद्दल माझं मत चांगलं नाही. ते कोडेकचा नंबर जुळवून कुठल्याही मॉडेलचा ड्रायव्हर आणून बसवतात. कोडेक एकच असला तरी त्यापुढचा ॲम्प आणि स्पीकर प्रत्येक मॉडेलात वेगळे असतात, आणि चुकीच्या मॉडेलच्या सूचना स्मार्ट ॲम्पला मिळणं धोक्याचंही ठरू शकतं.

मग उत्पादकाच्या संकेतस्थळावर लॅपटॉपचा अनुक्रमांक टाकून त्याच मॉडेलचे ड्रायव्हर उतरवले. क्रम महत्त्वाचा होता. आधी चिपसेट आणि आय-टू-सी. ते बसताच, रीस्टार्ट करायच्याही आधी, टचपॅड जागा झाला. अंदाज बरोबर असल्याची ही पहिली पावती. त्यानंतर ऑडिओचं पूर्ण पॅकेज, ज्यात कोडेकचा ड्रायव्हर, ॲम्पचा ड्रायव्हर आणि या मॉडेलची स्पीकरची माहिती असं तिन्ही होतं. नुसता कोडेकचा ड्रायव्हर वेगळा शोधून बसवला असता, तर पिवळा त्रिकोण तसाच राहिला असता.

रीस्टार्ट केलं आणि स्पीकर तरीही गप्प. ॲम्पच्या नोंदीचा कोड आता २८ ऐवजी १० होता: ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. इथे पुष्कळजण हात टेकतात, पण कोड २८ वरून १० वर येणं ही प्रगती असते. रीस्टार्टमध्ये विंडोज नव्याने सुरू होतं, पण बोर्डवरच्या प्रत्येक चिपची वीज तुटतेच असं नाही; ॲम्प आधीच्या अर्धवट अवस्थेतच अडकून राहू शकतो. ‘शट डाउन’नेही काम पूर्ण होत नाही, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. म्हणून शिफ्टचं बटण दाबून धरत शट डाउन केलं, चार्जर काढला, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं आणि मग सुरू केलं.

या वेळी कोड १० गेला आणि विंडोजची सुरुवातीची धून दोन्ही बाजूंनी आली.

याची उलट बाजूही कधीकधी दिसते. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या काही लॅपटॉपांत विंडोजमधून थेट रीस्टार्ट करून लिनक्समध्ये गेलं की स्पीकर वाजतात, आणि पूर्ण बंद करून थेट लिनक्स सुरू केलं की वाजत नाहीत. विंडोजने दिलेल्या सूचना चिपमध्ये तशाच राहिलेल्या असतात आणि लिनक्स आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतं. असा अनुभव कुणाला आला तर तो चमत्कार नसतो, ड्रायव्हरच्या उणिवेचा चांगला पुरावा असतो.

परत देण्याआधी

आवाज आला म्हणून लगेच झाकण मिटवलं नाही. डावा-उजवा वेगवेगळा वाजवून पाहिला, कारण दोन ॲम्पपैकी एकच जागा झाला तरी पहिल्या आनंदात ते लक्षात येत नाही. लॅपटॉप झोपवून उठवला. झोपेतून उठताना ॲम्पला सूचना पुन्हा द्याव्या लागतात आणि बरेच ड्रायव्हर नेमके तिथे घसरतात. हेडफोन लावून काढला. व्हिडिओ कॉलवर बोलून पाहिलं. सगळं जागेवर होतं. शेवटी विंडोजच्या पीएनपीयूटिल या कमांडने बसलेले ड्रायव्हर एका फोल्डरात काढून मालकीणबाईंच्या पेनड्राइव्हवर ठेवले, म्हणजे पुन्हा कधी विंडोज टाकायची वेळ आली तर हॉटस्पॉटचा डेटा जळायला नको. ऑडिओ पॅकेजबरोबर आवाजाला ‘सिनेमासारखा’ करणारं एक ॲपही आलं होतं. ते त्यांनी बंदच ठेवायला सांगितलं, त्याने विद्यार्थ्यांचे आवाज घुमल्यासारखे येत होते.

एक पडताळणी मी माझ्या समाधानासाठी केली. लिनक्सची अलीकडची आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली, लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, मग तिच्यावर सुरू केला. विंडोजची उरलीसुरली मदत मिळू नये म्हणून ही खबरदारी. दोन्ही स्पीकर वाजले. आवाज विंडोजपेक्षा किंचित पातळ होता, मॉडेलची नेमकी माहिती तिथे नसावी, पण वाजले. तंत्रज्ञांना हे कळवलं, तेव्हा त्यांनी आधी नव्या आवृत्तीचा नंबर विचारून घेतला, आणि मग त्यांच्याकडे हेच लक्षण असलेला आणखी एक लॅपटॉप बोर्डासाठी थांबून आहे, त्याचा टचपॅड चालतो का ते बघून सांगतो म्हणाले.